रक्ताच्या एका आकड्यावर फुप्फुसाचा निकाल लावू नका: धूळकामगारांच्या तपासणीबद्दल खुले पत्र

प्रति,
दगड, खाण, ओतकाम, काच-सिरॅमिक आणि बांधकाम उद्योगांतील कामगारांची तपासणी करणारे वैद्यकीय अधिकारी, नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि तपासणीचे आराखडे मंजूर करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

धुळीच्या कामावरील लोकांच्या नियमित तपासणीत एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीच्या (फुंकून घेतलेल्या श्वासचाचणीच्या) जोडीला रक्ताची तपासणी घ्यावी, म्हणजे फुप्फुसाच्या इजेची चाहूल देणारी सीसी-१६सारखी प्रथिने रक्तात मोजावीत, असा आग्रह वाढतो आहे. तो रास्त आहे. सिलिकॉसिस, म्हणजे दगड-वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, एक्स-रेवर दिसू लागतो तोवर फुप्फुसात कायमचे व्रण झालेले असतात. ते भरून येत नाहीत, आणि माणूस धुळीतून बाहेर पडला तरी आजार पुढे सरकू शकतो. त्याआधी काही कळण्याची सोय असेल तर ती वापरलीच पाहिजे. पण दोन प्रथा रुजण्याआधीच थांबवायला हव्यात. रक्ताचा अहवाल नॉर्मल आला म्हणून एक्स-रे टाळायचा, ही एक. सीसी-१६चा आकडा कमी, म्हणजे वाईट, आला म्हणून माणसाला घरी बसवायचे, ही दुसरी.

आमची विनंती अशी की रक्तातली ही खूण दोनच कामांसाठी वापरा. एखाद्या विभागातल्या सगळ्यांचे आकडे मिळून खाली सरकत असतील तर तिथली धूळ मोजा. आणि पुढच्या तपासणीसाठी आधी कोणाला बोलवायचे, याचा क्रम ठरवा. निदान, तंदुरुस्तीचा दाखला आणि नुकसानभरपाईचा दावा ही तीन कामे या आकड्यावर सोपवू नका. असे का म्हणतो, ते थोडे सविस्तर लिहितो.

सध्या सर्वाधिक चर्चा क्लब सेल प्रोटीनची, म्हणजे सीसी-१६ची आहे. सुमारे १६ किलोडाल्टन वजनाचे हे लहानसे प्रथिन बारीक श्वासनलिकांच्या अस्तरातल्या क्लब पेशी तयार करतात. त्याचा थोडा अंश रक्तात झिरपतो. साधारण ४ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण नाक-घसा चुकवून थेट या शेवटच्या नळ्यांपर्यंत आणि वायुकोशांपर्यंत पोचतात. वायुकोशातली भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळते, पण तो तिला पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. या चक्रात दाह चालू राहतो, क्लब पेशी घटतात आणि रक्तातले सीसी-१६ उतरते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिलिकाच्या धुळीत काम सुरू करून फार काळ न झालेल्या आणि एक्स-रे व श्वासचाचणीत काही न सापडलेल्या कामगारांतही ही घट दिसली होती. तपासणीमागचा विचार पक्का आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही.

अडचण पुढे येते. सीसी-१६ खाली नेणाऱ्या आणि वर नेणाऱ्या इतरही बऱ्याच गोष्टी आहेत, आणि त्या सगळ्या नेमक्या याच कामगारांच्या आयुष्यात एकत्र नांदतात.

विडी-सिगारेटने सीसी-१६ कमी होते. दम्यात आणि सीओपीडीतही (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारातही) ते कमी सापडते. त्यामुळे कमी आकडा म्हणजे सिलिकॉसिस, असे समीकरण मांडता येत नाही. बारीक श्वासनलिकांच्या अस्तराला इजा झाली आहे एवढेच तो सांगतो. ती कशाने झाली हे सांगत नाही.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. हे प्रथिन मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर जाते. मूत्रपिंडाची गाळण मंदावली की ते रक्तात साचते आणि आकडा चढतो. वय वाढते तशी गाळण मंदावतेच. त्यात सिलिकाच्या दीर्घ संपर्काचा मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराशीही संबंध आहे. म्हणजे वीस-पंचवीस वर्षे दगड कापलेल्या माणसाच्या रक्तात फुप्फुस आकडा खाली ओढते आणि मूत्रपिंड वर. दोन्हींची ओढाताण होऊन अहवालावर छापले जाते: नॉर्मल. ज्याला सर्वाधिक धोका, त्यालाच खोटा दिलासा. म्हणून सीसी-१६ सोबत त्याच नमुन्यातून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची कल्पना देणारा रक्तातला घटक) मोजले गेलेच पाहिजे आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग अहवालावर शेजारी छापला गेला पाहिजे. गाळण्याचा वेग मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असेल तर सीसी-१६चा आकडा वाचूच नका. माणसाला थेट एक्स-रेला पाठवा. क्रिएटिनिनचा खर्च किरकोळ असतो. तो वाचवून बाकीची तपासणी निरुपयोगी करण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. दाट धूळ, धूर किंवा ओझोनचा ताजा मारा झाला की अस्तराची गळती वाढते आणि सीसी-१६ काही तासांसाठी रक्तात जास्त झिरपते. जोरकस अंगमेहनतीनेही असेच होते. दिवसभरात आकडा आपोआप वर-खाली होतो ते वेगळेच. पाळी संपताना, घामेजलेल्या अंगाने रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे रक्त घेणे सोयीचे असते, कारण तेव्हा सगळे एका जागी सापडतात. पण त्या वेळी मिळणारा आकडा फुगलेला असू शकतो. नमुना साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामावर चढण्याआधी, सकाळच्या ठरलेल्या तासात घ्या आणि दर वेळी तोच तास पाळा. रात्रपाळीवाल्यांना त्या आठवड्यात वगळून दिवसपाळी आल्यावर बोलवा. ताप-खोकला होऊन गेला असेल तर महिनाभर थांबा. नमुन्याच्या पर्चीवर घेतल्याची वेळ, शेवटची पाळी कधी संपली, शेवटची विडी-सिगारेट कधी ओढली आणि एकूण किती वर्षे ओढतो, हे चार तपशील नसतील तर प्रयोगशाळेने तो नमुना परत पाठवावा.

रक्ताऐवजी लघवीत सीसी-१६ मोजावे, अशीही सूचना कधी कधी पुढे येते. पुरुषांमध्ये ही वाट बंद आहे. पुरस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) स्रावातही हेच प्रथिन असते आणि ते लघवीत मिसळते, त्यामुळे आकडा कुठून आला ते कळत नाही.

बोटाला टोचून पट्टीवर थेंब टाकण्याच्या चाचण्यांबद्दल थोडे वेगळे लिहायला हवे, कारण कामाच्या जागेवर पोचतील त्या याच. बहुतेक पट्टीचाचण्यांत आजार असेल तर रेघ उमटते. इथे गणित उलटे आहे: प्रथिन कमी, तर रेघ फिकी, आणि फिकी रेघ म्हणजे धोका. म्हणून पट्टी उन्हात तापली असेल, पाकीट आधीच फोडून ठेवले असेल, थेंब अपुरा पडला असेल, तर प्रत्येक चूक निरोगी माणसाला आजारी दाखवते. बोट पिळून रक्त काढले की त्यात ऊतींतले पाणी मिसळते आणि नमुना पातळ होतो. रेघ पुन्हा फिकी. दुसरीकडे रक्तक्षय असलेल्या माणसाच्या तेवढ्याच थेंबात लाल पेशी कमी आणि द्रवभाग जास्त असतो, म्हणून रेघ गडद येते आणि आजार लपतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, बोटाच्या टोकाच्या कडेला टोचावे, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा, थेंब मापाच्या नळीने सोडावा आणि पत्रकात दिलेल्या मिनिटालाच रेघ वाचावी. उशिरा वाचलेली रेघ वाळता वाळता गडद होते. रेघेचा गडदपणा डोळ्यांनी ठरवू नका. दोन माणसे दोन उत्तरे देतात, आणि संध्याकाळच्या उजेडात तोच माणूसही वेगळे उत्तर देतो. वाचनयंत्र वापरा. दर पेटीतली एक पट्टी माहीत असलेल्या कमी नमुन्यावर आणि एक जास्त नमुन्यावर लावून पाहिल्याशिवाय ती पेटी कामगारांवर उघडू नका.

शिरेतून रक्त घेत असाल तर ५ मिलिलिटर साध्या किंवा जेलच्या नळीत घ्या. नळी उभी ठेवून ३० ते ६० मिनिटे गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करा. इथली नेहमीची चूक म्हणजे सूचनापत्रात 'मिनिटाला ३००० फेरे' एवढेच लिहिलेले असते. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० फेऱ्यांना साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट) एवढा जोर मिळतो, १५ सेंटिमीटरच्या यंत्रात १५०० जी. यंत्र बदलले की नमुना बदलला. म्हणून जोर जी मध्ये लिहा आणि १० मिनिटे फिरवा. सीरम गुलाबी दिसले तर लाल पेशी फुटल्या आहेत. तो नमुना टाकून नवा घ्या. अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरच्या तीन कुप्या भरा. एक आज वापरायची, एक शंका आल्यास, आणि एक पुढच्या वर्षासाठी उणे ८० अंशांत. घरगुती पद्धतीचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर चालणार नाही. बर्फ वितळवताना तो स्वतःला अधूनमधून गरम करतो, आणि नमुना नकळत पुन्हा पुन्हा वितळून गोठतो.

तिसरी कुपी का, ते सांगतो. एलायझाच्या (प्लेटमधल्या छोट्या खळ्यांत प्रथिन मोजण्याच्या पद्धतीच्या) दोन प्लेटी, दोन खेपांची रसायने, दोन तंत्रज्ञ यांत फरक पडतोच. मागच्या वर्षीचा नमुना मागच्या वर्षीच्या प्लेटवर आणि यंदाचा यंदाच्या प्लेटवर मोजला, तर माणूस बदलला की रसायन बदलले हे सांगता येत नाही. जुनी आणि नवी कुपी एकाच प्लेटवर शेजारी लावली की हा प्रश्न मिटतो. त्याचप्रमाणे धुळीतल्यांचे नमुने एका प्लेटवर आणि कार्यालयातल्यांचे दुसऱ्या प्लेटवर लावू नका. प्लेटमधला फरक धुळीचा परिणाम म्हणून वाचला जातो आणि त्यावर सुबक आलेखही निघतात. नमुने मिसळून लावा आणि लावणाऱ्याला कोणता कोणाचा ते कळू देऊ नका. प्रत्येक नमुना दोन खळ्यांत घाला आणि दोन उत्तरांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर पुन्हा करा. प्लेटच्या कडेच्या खळ्या लवकर तापतात, तिथे शक्यतो नियंत्रण नमुने ठेवू नका.

आता मुख्य हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेब कोणत्याही आकड्यांना असाच लागू पडतो.

समजा १००० कामगार आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर सिलिकॉसिस आहे. चाचणी १०० आजाऱ्यांपैकी ८० पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ८० जणांना निरोगी म्हणते. ऐकायला हे चांगले वाटते. ५० पैकी ४० सापडले, १० निसटले. उरलेल्या ९५० निरोग्यांपैकी १९० जणांनाही चाचणीने संशयित ठरवले. एकूण २३० जणांचा अहवाल खराब आला आणि त्यांत खरे आजारी ४०, म्हणजे सहांत जेमतेम एक. या २३० जणांना कामावरून काढले तर १९० घरांवर विनाकारण कुऱ्हाड कोसळते. आणि नॉर्मल ठरलेल्या ७७० जणांत ते १० जण आहेत, ज्यांच्या हातात आता तंदुरुस्तीचा कागद आहे. नुकसानभरपाईच्या सुनावणीत तोच कागद त्यांच्याविरुद्ध पुढे केला जाईल. प्रत्यक्षात चित्र याहून वाईट असण्याची शक्यता आहे. चाचण्यांची अचूकता बहुधा रुग्णालयातले ठळक सिलिकॉसिसचे रुग्ण आणि धुळीशी संबंध नसलेले निरोगी लोक यांची तुलना करून काढलेली असते. कामाच्या जागेवर जे ओळखायचे असतात ते या दोन टोकांच्या मधले.

एकाच माणसाचा आकडा दर वर्षी तपासत राहिलो तर? ही पद्धत नक्कीच बरी, पण तिलाही मर्यादा आहे. समजा माणसाचा स्वतःचा आकडा आपोआप २० टक्क्यांनी हलतो आणि मोजण्यातली चूक १० टक्के आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज ५००, तिचे वर्गमूळ साधारण २२, त्याला २.७७ने (दोन नमुन्यांच्या तुलनेत ९५ टक्के खात्रीसाठीच्या गुणकाने) गुणले की ६२. म्हणजे दोन नमुन्यांत ६२ टक्क्यांहून कमी फरक असेल तर तो खरा बदल आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. एका माणसाच्या आकड्यात २५ टक्के घट पाहून त्याला घाबरवणे आणि तेवढीच वाढ पाहून त्याला धीर देणे, दोन्ही निराधार.

पण हाच हिशेब एका विभागातल्या ४० जणांच्या सरासरी बदलाला लावला की ६२ला ४०च्या वर्गमुळाने भागावे लागते आणि उत्तर येते साधारण १०. त्या विभागाची सरासरी वर्षभरात १५ टक्के उतरली, जुन्या-नव्या कुप्या एकाच प्लेटवर होत्या, आणि धूम्रपान व गाळण्याचा वेग बदललेला नाही, तर तिथल्या हवेत काहीतरी बिघडले आहे असे म्हणायला आधार मिळतो. या तपासणीचे खरे बळ इथे आहे. व्यक्तीबद्दल ती मोघम बोलते, गटाबद्दल बऱ्यापैकी स्पष्ट. आणि गटाचा आकडा बिघडला तर दुरुस्ती हवेची करायची असते. गटाचा आकडा उतरलेला असताना माणसे बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

इतर खुणांबद्दल थोडक्यात. केएल-६ हे वायुकोशातल्या टाइप-२ पेशींवरचे मोठे शर्करायुक्त प्रथिन आहे. तंतुमयता, म्हणजे फुप्फुसातले व्रण, वाढत असताना ते रक्तात चढते. जपानमध्ये फुप्फुसांच्या अंतराली (वायुकोशांमधल्या ऊतींच्या) आजारांसाठी ते नेहमीच्या वापरात आहे आणि तिथली ५०० युनिट प्रति मिलिलिटरची मर्यादा सर्वत्र उद्धृत होते. मात्र ही पातळी केएल-६ घडवणाऱ्या एमयूसी-१ जनुकाच्या वाणांनुसार बदलते, त्यामुळे एका लोकसमूहाची मर्यादा दुसऱ्याला तशीच लावता येत नाही. काही कर्करोगांतही केएल-६ वाढते. एसपी-डी हे फुप्फुसातले प्रथिनही याच वर्गातले. सीसी-१६ आणि केएल-६ एकत्र मोजले तर एक खाली आणि दुसरे वर जाताना दिसू शकते. एकट्या आकड्यापेक्षा ही जोडी जास्त सांगते, म्हणून निवड करायची असेल तर आम्ही या जोडीकडे झुकू. एसीई हे रक्तातले विकर सिलिकॉसिसमध्ये वाढू शकते, पण सार्कॉइडोसिस या दुसऱ्या आजारातही वाढते, आणि रक्तदाबासाठी एसीई रोधक गोळ्या चालू असतील तर मोजणी बिघडते. निओप्टेरिन ही दाहाची खूण प्रकाशाने नष्ट होते. नळी काळ्या कागदात गुंडाळली नसेल तर मोजूच नका.

टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-८, टीजीएफ-बीटा ही पेशींमधल्या निरोपांचे काम करणाऱ्या प्रथिनांची नावे संशोधनात सतत भेटतात. नियमित तपासणीत त्यांना आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टीजीएफ-बीटा बिंबाणूंमध्ये भरलेले असते आणि रक्त गोठताना बाहेर पडते. सीरममध्ये ते मोजले तर फुप्फुसाऐवजी नळीतली गुठळी मोजली जाते. इंटरल्युकिन-८ नमुना बाहेर पडून राहिला की नळीतच वाढत जाते, म्हणजे लांबच्या खाणीतला कामगार जवळच्या कामगारापेक्षा जास्त आजारी ठरतो. साधी सर्दीही यातले काही आकडे हलवते.

धुळीच्या आजारांत रक्ताची तपासणी निर्णायक ठरते अशीही उदाहरणे आहेत. बेरिलियम या धातूच्या धुळीने किंवा धुराने शरीर संवेदित झाले आहे का, म्हणजे त्याची ॲलर्जी जडली आहे का, हे लिम्फोसाइट वृद्धी चाचणीत कळते. रक्तातल्या जिवंत पेशींना बेरिलियमच्या तीन तीव्रता देऊन, दोन वेगळ्या दिवशी त्यांची वाढ मोजतात. सहा निर्देशांकांपैकी दोन किंवा अधिक मर्यादेबाहेर गेले तर निकाल असामान्य, एकच गेला तर सीमेवरचा. एका निकालावर कोणी थांबत नाही: दोन असामान्य, किंवा एक असामान्य आणि एक सीमेवरचा, किंवा तीन सीमेवरचे निकाल आल्यावरच संवेदना पक्की धरतात. हेपॅरिनच्या नळीतले रक्त बर्फात न घालता, पेशी जिवंत असताना, साधारण एका दिवसात प्रयोगशाळेत पोचावे लागते. ही चाचणी उपयोगी पडते, कारण ती बेरिलियम या एकाच पदार्थाला दिलेला प्रतिसाद मोजते. सिलिकासाठी असे काही आज उपलब्ध नाही, आणि असल्यासारखे वागू नये. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत मेसोथेलिन या प्रथिनाकडे बोट दाखवले जाते. ते मेसोथेलिओमाच्या (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या) काही प्रकारांत रुग्णावर लक्ष ठेवायला उपयोगी आहे, निरोगी कामगारांच्या चाळणीसाठी पुरेसे संवेदनशील नाही.

सिलिका कामगारांसाठी एक रक्ततपासणी मात्र आजच करण्याजोगी आहे: क्षयाच्या संसर्गासाठीची इग्रा, म्हणजे क्षयजंतूंच्या प्रतिजनांना रक्तपेशी देतात तो प्रतिसाद मोजणारी चाचणी. सिलिकॉसिस असलेल्यांना क्षयाचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो आणि जागतिक आरोग्य संघटना त्यांची सुप्त संसर्गासाठी पद्धतशीर तपासणी व प्रतिबंधक उपचार सुचवते. चार नळ्यांच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक नळीत १ मिलिलिटर रक्त लागते. कमी-जास्त झाले की निकाल फसतो. नळीच्या आतल्या भिंतीवर प्रतिजनाचा लेप असतो, म्हणून ती दहा वेळा हलवायची, पण फेस येईल इतकी जोरात नाही. घेतल्यापासून १६ तासांच्या आत ३७ अंशांत ठेवून १६ ते २४ तास उबवायची. इग्रा सुप्त आणि सक्रिय क्षयात फरक करत नाही. त्यामुळे प्रतिबंधक गोळ्या देण्याआधी लक्षणे, एक्स-रे आणि गरज पडल्यास थुंकीची रेण्वीय चाचणी झालीच पाहिजे.

मग कमी सीसी-१६ आलेल्या माणसाचे करायचे काय? दोन आठवड्यांनी त्याच तासाला दुसरा नमुना घ्या. दोन्ही कमी आले तर महिन्याच्या आत छातीचा डिजिटल एक्स-रे, स्पायरोमेट्री आणि कामाचा पूर्ण इतिहास घ्या: कोणता दगड किंवा वाळू, कोरडी कापणी की पाणी सोडून, बंद शेड की उघडे, किती वर्षे. एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण प्रतिमांशी ताडून, दोन प्रशिक्षित वाचकांनी स्वतंत्रपणे, बारा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर वाचावा. 'छाती स्वच्छ' एवढे लिहून भागणार नाही. कृत्रिम दगड कापणाऱ्यांच्या बाबतीत एक्स-रेवरही थांबू नका. त्या दगडात सिलिका ९० टक्क्यांहून जास्त असू शकते, आजार काही वर्षांतच येतो, आणि साध्या एक्स-रेला न दिसलेले डाग सीटी स्कॅनवर सापडतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली, ती यामुळेच. ज्याचे सीसी-१६ नॉर्मल आहे त्याचा ठरलेला एक्स-रे ठरलेल्या वेळीच व्हायला हवा, एक दिवसही पुढे न ढकलता.

विभागाची सरासरी उतरली तर त्याच आठवड्यात कामगाराच्या कॉलरला सायक्लोन (हवेतले जाड कण वेगळे काढणारे छोटे उपकरण) लावून पूर्ण पाळीचा नमुना घ्या. पंपाचा प्रवाह सायक्लोनच्या बनावटीशी जुळला पाहिजे: १० मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर, ॲल्युमिनियमच्या प्रचलित सायक्लोनला २.५ लिटर. प्रवाह कमी पडला तर जाड कणही आत येतात, वाढला तर बारीकही गळतात. पाळीच्या आधी आणि नंतर प्रवाह तपासून दोन्ही आकडे लिहा. गाळणकागदावरचे स्फटिकी सिलिका क्ष-किरण विवर्तनाने किंवा अवरक्त पद्धतीने मोजा. केवळ धुळीचे वजन पुरेसे नाही. अमेरिकेच्या ओशाने (कामगार सुरक्षा व आरोग्य पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने) २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि २५ मायक्रोग्रॅमलाच कारवाई सुरू करण्याची पायरी ठेवली. पाण्याची फवारणी, यंत्राच्या तोंडाशी शोषण, झाडूऐवजी व्हॅक्यूम, कपड्यांवर दाबाची हवा मारण्यास मनाई, हे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. रक्ततपासणीसाठी या कामांचा निधी कापला जात असेल तर रक्ततपासणी रद्द करा. आमची त्याला हरकत नाही.

शेवटचा मुद्दा कागदांचा. अहवाल बंद पाकिटात कामगाराच्याच हातात, त्याच्या भाषेत जावा. मुकादमाकडे किंवा मनुष्यबळ विभागाकडे व्यक्तीचा आकडा जाऊ नये, त्यांना विभागाची सरासरी पुरे. दहापेक्षा कमी माणसांच्या विभागाची सरासरीही देऊ नका, त्यातून माणूस ओळखता येतो. उरलेले रक्त कोणत्या तपासणीसाठी वापरायचे ते संमतिपत्रात नावानिशी लिहा आणि त्यापलीकडे काहीही करू नका, विशेषतः जनुकीय तपासणी. वैद्यकीय कारणाने काम बदलावे लागले तर आधीचा पगार आणि ज्येष्ठता कायम राहील, हे रक्त घेण्याआधी लेखी द्या. नाहीतर माणसे शिबिराच्या दिवशी गैरहजर राहतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

आणि प्रत्येक अहवालावर आकड्याच्या लगेच खाली, आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, हा मजकूर छापा: 'या तपासणीवरून सिलिकॉसिस आहे किंवा नाही असे ठरवता येत नाही. हा अहवाल नोकरी, तंदुरुस्तीचा दाखला किंवा नुकसानभरपाई यांसाठी ग्राह्य नाही. तुमचा पुढील एक्स-रे या तारखेला आहे.' तारखेची जागा भरल्याशिवाय प्रयोगशाळेने अहवाल बाहेर सोडू नये.

आपले,
धूळजन्य फुप्फुसविकारांच्या तपासणीचे काम करणारे आम्ही